सेंड दाबायच्या आधी: नोकरीतले प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या अंकात फक्त नोकरीवरचे प्रश्न घेतलेत. मेल खूप आलेत, सगळे घेता येणार नाहीत, जे घेतलेत त्यातली माणसांची आणि कंपन्यांची नावं काढून टाकलीयेत. सुरुवातीला एक सांगून टाकते, कारण निम्म्या मेलमध्ये जुन्या कायद्यांची कलमं कुठून तरी कॉपी करून चिकटवलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार लेबर कोड (कामगार संहिता) लागू झालेत आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यात विलीन झाले. पगाराचं सगळं वेतन संहितेत, काढून टाकणं, संप, वाद हे औद्योगिक संबंध संहितेत, पीएफ, ग्रॅच्युइटी, मॅटर्निटी हे सामाजिक सुरक्षा संहितेत, आणि कामाचे तास, सुरक्षितता वगैरे चौथ्यात. त्यामुळे 'आयडी अ‍ॅक्ट कलम २५ एफ' असं जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम लिहून एचआरला धमकी दिलीत तर समोरचा वकील आधी तेच पकडेल. तत्त्वं बरीचशी जुनीच आहेत, आकडे काही ठिकाणी बदललेत.

प्रश्न: ताई, मी आयटीत आहे, एकाच कंपनीत सहा वर्षं तीन महिने झाली. मंगळवारी एचआरनं कॅलेंडरवर 'कॅच-अप' म्हणून पंधरा मिनिटांची मीटिंग टाकली. आत गेलो तर एचआर, मॅनेजर, आणि राजीनाम्याचा मजकूर त्यांनी चॅटवर आधीच पाठवून ठेवलेला, 'वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे'. म्हणाले हा आत्ता इथेच मेल केलास तर दोन महिन्यांचा पगार आणि क्लीन रिलिव्हिंग लेटर, नाही केलास तर परफॉर्मन्सवर टर्मिनेट, मग पुढच्या बॅकग्राउंड चेकमध्ये तेच दिसेल. मी सेंड केलं. मागच्या वर्षीचं रेटिंग चांगलं होतं. आता रात्र रात्र झोप नाही. काही करता येईल का?

उत्तर: तुम्हाला मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं होतं, पण असेच अजून अकरा मेल आहेत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे राजीनामा मागे घेणारा मेल. शक्य असेल तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. भाषा साधी ठेवा, भांडू नका. 'मंगळवारी दुपारी अमुक वाजता अमुक रूममध्ये अमुक दोघांच्या समोर मला तयार मजकूर देऊन राजीनाम्याचा मेल पाठवायला लावलं. तो निर्णय माझा नव्हता. तो राजीनामा मी मागे घेत आहे आणि कामावर हजर राहायला तयार आहे.' बस, एवढंच. ऑफिसचा अ‍ॅक्सेस बंद केला असेल तर स्वतःच्या मेलवरून पाठवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनं कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसला टाका, पावती जपा. 'कामावर यायला तयार आहे' हे वाक्य गाळू नका हं, पुढे पगार मागायचा झाला तर सगळं त्या वाक्यावर उभं राहतं.

मागे घेता येतो का? स्वीकारून तसं कळवलेलं नसेल तर येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये हेच सांगितलं. त्यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये राजीनामा दिला होता, २०१४ च्या मे महिन्यात मागे घेतला. रेल्वेचं म्हणणं, आम्ही एप्रिलमध्येच स्वीकारलाय. पण ते स्वीकृतीचं पत्र ऑफिसातल्या ऑफिसातच फिरत राहिलं होतं, माणसाला कधी दिलंच नव्हतं, आणि तो कामावर येत होता. कोर्टानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. आता ती सरकारी कंपनी, तुमची प्रायव्हेट, सगळं जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण मुद्दा हा की राजीनामा पाठवला म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नसतं.

आणि तुमच्या कंपनीनं दहा मिनिटांत 'अ‍ॅक्सेप्टेड' असा रिप्लाय टाकलेला असला, हल्ली टाकतातच, तर मग मुद्दा जबरदस्तीचा होतो. दबावाखाली घेतलेली संमती खरी संमती नसते, करार कायदा १८७२ पासून हेच सांगतोय. पण ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं, म्हणून मीटिंगच्या इन्व्हाइटचा फोटो काढून ठेवा, चॅटमध्ये आलेला तो तयार मजकूर तर सोन्यासारखा आहे, त्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी अजून किती जणांना पंधरा पंधरा मिनिटांसाठी आत बोलावलं ते शोधा. एकाच दिवशी तीस माणसांना 'वैयक्तिक कारणं' सुचत नाहीत. एक सावधगिरी, घाबरून कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका. माझ्या एका अशिलानं पुरावा म्हणून अख्खं फोल्डर फॉरवर्ड केलं होतं आणि केस राजीनाम्याची राहिली बाजूला, डेटा चोरीचीच झाली. पगारस्लिपा, अप्रेझलची पत्रं, स्वतःच्या नावाचे मेल एवढंच घ्या.

आता 'तुम्ही वर्कर नाही, तुम्हाला लेबर लॉ लागत नाही' हे एचआरचं आवडतं वाक्य. कार्डावर काय छापलंय त्यावर ते ठरत नाही, दिवसभर प्रत्यक्षात काय काम करता त्यावर ठरतं. टेक्निकल काम करणाऱ्या माणसाला पगाराची मर्यादा नाहीये. महिना १८,००० ची मर्यादा आहे ती सुपरवायझरच्या कामाला, आणि मॅनेजर किंवा प्रशासनाचं काम करणारे बाहेर. टीम लीड म्हणवला जाणारा माणूस दिवसातले सात तास स्वतःच कोड लिहीत असेल, कोणाची रजा मंजूर करायचा, कोणाला काढायचा अधिकार त्याला नसेल, तर तो वर्कर आहे असं मांडता येतं आणि मांडावंच.

वर्कर असाल आणि कंपनीला माणसं कमी करायची असतील तर त्याला रिट्रेंचमेंट म्हणतात आणि त्याची किंमत मोजावी लागते. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि नवीन संहितेप्रमाणे रिस्किलिंग फंडातून अजून १५ दिवसांचा, तो ४५ दिवसांत खात्यावर. साधारण नियम असा की त्या कामात शेवटी लागलेला आधी जातो, आणि वर्षभरात तिथेच परत भरती करायची ठरली तर तुम्हाला आधी विचारायला हवं. आता कळलं ना राजीनामा का टाइप करून ठेवला होता? राजीनाम्यावर यातलं काहीच द्यावं लागत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झालीत ना. शेवटच्या पगाराला १५ नं गुणा, २६ नं भागा, वर्षांनी गुणा. बेसिक ४०,००० धरलं तर सहा वर्षांचे साधारण १,३८,४६१ होतात. पण आता संहितेत वेतनाची व्याख्या बदललीये, भत्ते मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे एकूण ९०,००० आणि बेसिक ४०,००० असेल तर हिशोब ४५,००० वर, रक्कम साधारण १,५५,७६९. कंपनीनं जुन्या बेसिकवर काढलेली दिसली तर विचारा. वरचे तीन महिने यात धरले जात नाहीत, सहा महिन्यांच्या वर गेलं तरच अख्खं वर्ष होतं. द्यायची मुदत ३० दिवस.

आणि तो 'एफ अँड एफ ४५ दिवसांत' (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब) वाला प्रकार. वेतन संहितेत लिहिलंय की काढलं, राजीनामा दिला, कंपनी बंद पडली, काहीही असो, देय पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. हे मॅनेजरलासुद्धा लागू आहे, वर्कर असण्याची गरज नाही. पॉलिसी डॉक्युमेंटमध्ये ४५ लिहिलं म्हणून कायदा ४५ चा होत नाही.

प्रश्न: नवीन कंपनीची ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली, जुनी नोकरी सोडली, जॉइनिंगच्या चार दिवस आधी मेल आला, 'बिझनेस रिझन्स'मुळे ऑफर मागे घेतोय. आता ना इकडे ना तिकडे. नोकरी द्यायला लावता येईल का?

उत्तर: नोकरी द्यायला लावता येणार नाही. प्रायव्हेट नोकरीत वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीनं अमलात आणत नाही. भरपाई मागता येते. ऑफर दिली, तुम्ही लेखी स्वीकारली, त्यावर विसंबून चालू नोकरी सोडली, हे सगळं त्यांना माहीत होतं, नाहीतर रिलिव्हिंग लेटर कशाला मागितलं त्यांनी? वकिलामार्फत नोटीस पाठवा, निदान ऑफरमधल्या नोटीस पिरिअडएवढा पगार मागा. तीन महिन्यांचा लिहिला असेल तर तीनचा. ऑफरमध्ये 'कंपनी कधीही मागे घेऊ शकते' अशी ओळ असेल तर मागणी कच्ची होते, पण नोटिशीनंतर काहीतरी देऊन मिटवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात, कारण असल्या बातम्या बाहेर गेलेल्या त्यांना नको असतात. आणि आजच जुन्या कंपनीला फोन करा, लाज वाटून घेऊ नका, बऱ्याच जणांना परत घेतात.

प्रश्न: मॅडम, मी स्टाफ नर्स आहे. जॉइन करताना हॉस्पिटलनं दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतला आणि ओरिजिनल मार्कशीट, रजिस्ट्रेशन सगळं ठेवून घेतलं. एक वर्ष दोन महिने झालेत, दुसरीकडे चांगली नोकरी मिळतेय. हे म्हणतात दीड लाख भर मग कागद देतो. ट्रेनिंग म्हणाल तर पहिले चार दिवस सीनियर सिस्टरच्या मागे फिरले तेवढंच.

उत्तर: या प्रश्नावर मला जरा राग येतो, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घे.

बॉन्ड सरसकट बेकायदेशीर असतो हे तुला मैत्रिणींनी सांगितलं असेल, ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं नोकरी करा नाहीतर दोन लाख भरा ही अट योग्य ठरवली. पण तिथली कारणं बघ. सरकारी बँक, अधिकारी पातळीचं पद, परत जाहिरात, परत निवड प्रक्रिया हा सगळा खर्च, आणि ज्याची केस होती त्याच्या पगाराच्या मानानं दोन लाख काही अवाढव्य नव्हते. तुझ्या केसमध्ये चार दिवस सिस्टरच्या मागे फिरणं हे ट्रेनिंग. करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तेवढा मिळतोच असं नाही, वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. आणि दोन वर्षांपैकी चौदा महिने तू काम करून दिलंयस, मग दीड लाख पुरे कसे? त्यांना वाटतं तर त्यांनी कोर्टात जावं आणि खर्च दाखवावा. तुला पगार किती त्याच्याशी हा दीड लाख ताडून बघ, कोर्टही तेच बघेल.

आता कागद. तुझी मार्कशीट ही तुझी मालमत्ता आहे, पैसे वसूल करायला तारण म्हणून ती दाबून ठेवायची मुभा हॉस्पिटलला कुठल्या कायद्यानं दिलेली मला तरी माहीत नाही. 'व्हेरिफिकेशनसाठी दिलेली मूळ कागदपत्रं सात दिवसांत परत करावीत' असं लेखी माग, यादी दे, एकेका कागदाचं नाव आणि नंबर लिहून. परत केली नाहीत तर पोलिसांत तक्रार आणि लेबर ऑफिसात अर्ज, दोन्ही. माझा अनुभव असा की यादी असलेलं पत्र आवक शिक्क्यासह हातात आलं की बरीच हॉस्पिटलं कागद सापडवतात. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्ट.

नोटीस पिरिअड मात्र पूर्ण कर किंवा तेवढा पगार भर, ते तुझ्या बाजूनं स्वच्छ असू दे. आणि 'सोडल्यावर एक वर्ष शहरात दुसऱ्या हॉस्पिटलात काम करणार नाही' अशी काही ओळ असेल तर तिला घाबरू नकोस. नोकरीत असतानाची बंधनं कोर्ट मान्य करतं, नोकरी संपल्यानंतर पोट भरायलाच मनाई करणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही.

प्रश्न: आमचं छोटं ऑफिस आहे, मालक धरून आठ माणसं. मालकच रात्री मेसेज करतात, आधी कामाचे, मग 'फोटो पाठव', 'आज साडीत छान दिसत होतीस'. दोन महिन्यांपूर्वी केबिनमध्ये हात धरला. मी तेव्हापासून दार उघडं ठेवूनच बसते. तक्रार समिती वगैरे इथे काही नाही. नोकरीही सोडता येत नाही लगेच.

उत्तर: दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली तर त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यातच तशी सोय आहे. तुमच्याकडे दोन्ही कारणं आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते.

मुदत फार महत्त्वाची आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समिती योग्य कारण असेल तर अजून तीन वाढवू शकते, पण वाढवून मिळेल या भरवशावर बसू नका. तुमचे दोन महिने गेलेत. मेसेज अजून येत असतील तर मुदत त्या शेवटच्या मेसेजपासून मोजता येते, तरीही आठवड्याभरात तक्रार द्या.

लिहिताना तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द. 'त्यांनी गैरवर्तन केलं' असं मोघम लिहितात बायका, संकोचानं, आणि समितीला त्यातून काहीच धरता येत नाही. जे बोलले ते अवतरणात तसंच्या तसं लिहा. सहा प्रती द्याव्या लागतात, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका, पुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून तोच लागेल. आणि चॅट डिलीट करायचा मोह आवरा, घाण वाटते, समजतं मला, पण ठेवा.

चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते, तुमच्या हक्काच्या रजेवर ती वेगळी. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. कोणी 'पैसे घेऊन मिटवा' म्हणालं तर समेट फक्त तुम्हीच मागितला तर होतो आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तर करताच येत नाही. पोलिसांत फिर्याद हा वेगळा रस्ता आहे, हात धरला तो गुन्हाच आहे, समिती आणि पोलीस दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

(याच विषयावर दोन पुरुष वाचकांनी विचारलंय की बॉस सगळ्यांसमोर अपमान करतो, आरडाओरडा करतो, त्याला काय. पॉश कायदा फक्त स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. नुसत्या आरडाओरड्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. शिवीगाळ, धमकी, जातीवरून अपमान असेल तर फौजदारी कायदे आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. बाकीच्यासाठी तारीखवार नोंद ठेवा आणि एचआरला लेखी कळवा, पुढे हाच माणूस तुम्हाला 'परफॉर्मन्स'वर काढायला निघाला तर आधीची तक्रार तुमच्या बाजूनं बोलते.)

प्रश्न: इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, लग्न कधी, मुलं कधी. मी तेव्हा 'इतक्यात नाही' म्हणाले. आता प्रोबेशनमध्येच दिवस गेलेत, पाच महिने झालेत नोकरीला. एचआर म्हणते प्रोबेशनला मॅटर्निटी नसते, आणि तू खोटं बोललीस म्हणून काढूही शकतो.

उत्तर: अभिनंदन आधी! आणि एचआरचं म्हणणं चुकीचं आहे. अट आहे ती डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केल्याची, ते तुझे केव्हाच झाले. प्रोबेशन, कॉन्ट्रॅक्ट, रोजंदारी याचा संबंध नाही, दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांना सुप्रीम कोर्टानं २००० सालीच हा हक्क दिलाय. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी, त्यातले जास्तीत जास्त आठ डिलिव्हरीच्या आधी. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर पैसे कंपनीऐवजी तिथून येतात आणि तिथल्या अटी जरा वेगळ्या आहेत, ते विचारून घे.

मॅटर्निटीच्या रजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे. त्याआधी गरोदरपणातच काढून टाकलं तरी जो लाभ मिळाला असता तो बुडत नाही, म्हणजे पैसे वाचवायला काढायचं म्हटलं तर ते वाचत नाहीत, हे एचआरला नीट समजावून सांगितलं की सूर बदलतो. इंटरव्ह्यूमधलं 'इतक्यात नाही' हे खोटं बोलणं होत नाही, तो तेव्हाचा बेत होता. आणि मुळात भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला वेतन संहितेत मनाई आहे, मग तो प्रश्न कशासाठी होता ते त्यांनीच सांगावं. नोटीस मात्र लेखी दे, कधीपासून रजा घेणार ते लिहून, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. तोंडी सांगितलेलं काही महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

प्रश्न: इंटरव्ह्यूत आडनाव विचारून 'म्हणजे कुठले तुम्ही' असं विचारलं, मग कॉल आलाच नाही. प्रायव्हेट कंपनी आहे. केस होईल?

उत्तर: खरं सांगायचं तर अवघड आहे. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीला लागू, प्रायव्हेट भरतीत जात, धर्म, वय यावरून डावललं म्हणून थेट दाद मागता येईल असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. स्त्री म्हणून डावललं तर आहे, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा आहे, एचआयव्ही असलेल्यांसाठी २०१७ चा, त्यात तर नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची सक्ती करायलाच बंदी आहे. तुमच्या बाबतीत कंपनीच्या एथिक्स मेलवर नोंदवा आणि पुढच्या इंटरव्ह्यूला लागा. हे उत्तर मलाही आवडत नाही.

प्रश्न: ताई मी एका मोठ्या ऑफिसमध्ये हाउसकीपिंगला आहे, ठेकेदाराकडून. दोन महिने पगार नाही. लेट मार्कचे म्हणून गेल्या वेळी हजार कापले. ठेकेदार फोन उचलत नाही, ऑफिसवाले म्हणतात तू आमचा माणूस नाहीस.

उत्तर: दादा, पगाराच्या बाबतीत तुम्ही त्यांचेही माणूस आहात. ठेकेदारानं दिला नाही तर ज्यांच्या जागेत काम करता त्या कंपनीला द्यावा लागतो, नंतर त्यांनी ठेकेदाराकडून वसूल करावा, ते त्यांचं ते बघतील. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा.

दंडाचं म्हणाल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर दंड लावताच येत नाही. पगार १४,००० असेल तर ४२० रुपये, हजार कुठून आले? उशिरा आलात तेवढ्या वेळाचा पगार कापता येतो, तो हिशोब वेगळा. जास्त तास थांबवून घेतात का? त्याला दुप्पट दर आहे.

कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या, त्यात ठेकेदार आणि कंपनी दोघांचीही नावं टाका, एकट्या ठेकेदाराचं टाकून फसू नका. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि मिळाला तर वर दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. आणि एक चांगली गोष्ट, पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही तिथे काम करत होतात एवढं दाखवावं लागेल, त्यासाठी गेट पास, हजेरीच्या पानाचा फोटो, बँकेत आधी आलेले पगार, सुपरवायझरचे 'उद्या सहाला ये' असले व्हॉट्सअ‍ॅप, सगळं चालतं. पीएफ कापत असतील तर उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा, कापून भरलाच नसेल तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पीएफ ऑफिसला वेगळी करायची.

प्रश्न: माझे बाबा मागच्या महिन्यात अचानक गेले. शेवटच्या कंपनीत त्यांना तीन वर्षंच झाली होती. कंपनी म्हणते पाच वर्षं नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, आणि आईला एका कागदावर 'सर्व हिशोब मिळाला' अशी सही करायला सांगतायत. मी कॉलेजला आहे.

उत्तर: आईला सही करू देऊ नकोस, हे वाचशील तेव्हा झाली नसेल अशी आशा आहे, आणि झाली असली तरी न मिळालेला हक्क त्या सहीनं जातोच असं नाही.

पाच वर्षांची अट मृत्यू झाला तर लागू नसते. अपंगत्वामुळे नोकरी गेली तरी नसते. तीन वर्षांची ग्रॅच्युइटी आईला मिळायला हवी, बाबांनी नॉमिनेशन केलं असेल तर त्या नावावर. शिवाय तीन गोष्टी कंपनी स्वतःहून सांगणार नाही. एक, पीएफची रक्कम, फॉर्म २०. दोन, विधवा पेन्शन, त्यासाठी दहा वर्षं लागत नाहीत, पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं, फॉर्म १०डी, आणि तू पंचवीसच्या आतला असशील तर तुझंही पेन्शन त्यात येतं. तीन, ईडीएलआय म्हणजे पीएफला जोडलेला विमा, ज्याचा हप्ता कंपनी भरते आणि कर्मचाऱ्याला बहुतेकदा माहीतही नसतो. सलग १२ महिने नोकरी झालेली असेल तर कमीत कमी अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख, फॉर्म ५आयएफ. फॉर्मवर कंपनीची सही लागते, ते टाळाटाळ करतील तर फॉर्म घेऊन थेट पीएफ ऑफिसात जा आणि कंपनी सही देत नाही असं लेखी दे.

बाबांचा यूएएन म्हणजे पीएफचा नंबर पगारस्लिपवर वरच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो. तो, मृत्यूचा दाखला, आईचं बँक पासबुक आणि बाबांच्या आधारवरचं स्पेलिंग पीएफच्या रेकॉर्डशी जुळतंय का ते आधी तपास, निम्मे क्लेम तिथेच परत येतात. अडलास तर परत मेल कर, फॉर्मचे फोटो जोडून.